भिंतीवरची रिकामी चौकट

आमच्या चिटगुप्प्यातील जुन्या मराठी घरांची एक खूण अजूनही पुसलेली नाही. ढाळजेतून आत यावे, चौकातून सोप्यावर चढावे, आणि समोरच्या भिंतीकडे पाहावे. मधोमध दत्तगुरूंची किंवा माणिकप्रभूंची तसबीर, तिच्या उजव्या-डाव्या हातास घरातील मागच्या तीन-चार पिढ्या. कोणी पागोट्यात, कोणी रुमी टोपी आणि शेरवानीत, कोणी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ताठ उभे. वतन राखणारे कुलकर्णी-देशपांडे, दप्तरात उर्दू लिहिणारे कारकून, बिदर-गुलबर्ग्याच्या कचेऱ्यांत उभे राहणारे वकील, असे सगळे त्या भिंतीवर भेटतात. घर कोणाला आपले मानते आणि कोणाची आठवण पुढच्या पिढीस सोपवू इच्छिते, याची ती भिंत म्हणजे एक जाहीर यादीच होय.

मंडळाच्या एका बैठकीत छायाचित्रांचे प्रदर्शन भरवण्याचा विषय निघाला, तेव्हा संत, योद्धे, कवी, गायक, मुक्तिसंग्रामातील सैनिक अशी नावे भराभर पुढे आली. कोणीतरी सहज विचारले, ‘‘आणि न्यायाधीश?’’ थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग एकाच वेळी तिघांच्या तोंडून एकच नाव आले: रामशास्त्री.

रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव मराठी घराला शिकवावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. या भाडोत्री मारेकऱ्यांच्या टोळीमागे घरातल्याच माणसाचा हात होता. माहुलीच्या या शास्त्र्याने चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि ज्या राज्यात असा पेशवा असेल तेथे न्यायासन सांभाळण्याचे नाकारून पुणे सोडले. परंतु रामशास्त्र्यांचा चेहरा आमच्यापैकी कोणाच्या डोळ्यांपुढे येतो? आम्ही प्रामाणिकपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले, की तो चेहरा गजानन जागीरदारांचा आहे. प्रभात कंपनीने १९४४ साली काढलेल्या ‘रामशास्त्री’ या बोलपटात त्यांनी ती भूमिका केली, आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने तेच रूप मनात जपले. म्हणजे आमच्या स्मरणातील एकमेव न्यायाधीशाचे चित्रही खरे पाहता नटाचे आहे. त्यानंतरच्या अडीचशे वर्षांतील दुसऱ्या न्यायाधीशाचे नाव मात्र त्या बैठकीत कोणाला सुचले नाही. भिंतीवरची एक चौकट रिकामीच राहिली आहे, हे त्या दिवशी आम्हास प्रथम जाणवले.

ही चौकट भरलेली पाहायची असेल तर फार दूर, भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर जावे लागते. त्या बेटाची राजधानी पालेर्मो. शहराच्या एकाच जुन्या वस्तीत दोन मुले वाढली. जोव्हान्नी फाल्कोने यांचा जन्म १९३९ चा, पाओलो बोर्सेल्लिनो यांचा १९४० चा. दोघेही पुढे न्यायखात्यात गेले. इटलीत त्या काळी तपास करणारा दंडाधिकारी हा न्यायसंस्थेचाच अधिकारी असे. पोलिसांनी आणलेला पुरावा तपासणे, साक्षी नोंदवणे आणि खटला उभा राहण्याजोगा आहे की नाही हे ठरवणे, हे त्याचे काम. सिसिलीतील ‘माफिया’ नावाच्या गुप्त संघटनेने खंडणी, अफू-गर्दचा व्यापार आणि सरकारी ठेके यांवर पकड बसवली होती. तिच्याविरुद्ध बोलणारा साक्षीदार मिळत नसे, आणि तपास करणारा अधिकारी एकटा असे. एकट्याला मारले की फाइलही मरते, हे माफियाला पक्के ठाऊक होते.

यावर रोक्को किन्निची या ज्येष्ठ न्यायाधीशांनी साधा उपाय काढला. तपास एकाकडे न ठेवता काही जणांच्या गटाने करावा आणि सर्वांना सर्व माहिती असावी. २९ जुलै १९८३ रोजी मोटारीत ठेवलेल्या स्फोटकांनी किन्निची यांचा बळी घेतला. पण त्यांच्या जागी आलेल्या अँतोनिनो कापोन्नेत्तो यांनी तो गट अधिक घट्ट बांधला. १९८४ च्या उन्हाळ्यात तोम्मासो बुशेत्ता हा माफियाचा जुना माणूस फाल्कोने यांच्यापुढे बोलू लागला, आणि ती जबानी फाल्कोने यांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतली. १९८५ साली जिवाला धोका आहे म्हणून फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांना कुटुंबांसह आसिनारा या तुरुंगाच्या बेटावर नेऊन ठेवण्यात आले. दोषारोपपत्राचा मोठा भाग त्यांनी तेथे बसून लिहिला. पुढे त्या मुक्कामाचे बिल सरकारने त्यांच्याचकडून वसूल केले! आमच्याकडील सरकारी कारभार पाहिलेल्या वाचकांस यात फारसे नवल वाटणार नाही.

ते दोषारोपपत्र आठ हजारांहून अधिक पानांचे झाले. १० फेब्रुवारी १९८६ रोजी सुरू झालेल्या त्या महाखटल्यात पावणेपाचशेच्या आसपास आरोपी होते. एवढे आरोपी मावतील असे न्यायालय नव्हते, म्हणून उच्चार्दोने तुरुंगाला लागून काँक्रीटचे एक न्यायालय मुद्दाम बांधले गेले. न्यायासनावर बसण्यास अनेकांनी नकार दिल्यावर अल्फोन्सो जोर्दानो या दिवाणी दाव्यांत मुरलेल्या न्यायाधीशाने ते काम पत्करले. १६ डिसेंबर १९८७ रोजी निकाल लागला: तीनशेच्या वर आरोपी दोषी, १९ जणांस जन्मठेप, आणि ११४ जण निर्दोष. ३० जानेवारी १९९२ रोजी इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल सारतः कायम केला, आणि त्यानंतर माफियाने सूड घेतला. २३ मे १९९२ रोजी कापाची गावाजवळ महामार्गाखालच्या मोरीत पेरलेल्या स्फोटकांनी फाल्कोने, त्यांच्या न्यायाधीश पत्नी फ्रांचेस्का मोर्व्हिल्लो आणि तीन अंगरक्षक ठार झाले. सत्तावन्न दिवसांनी, १९ जुलै रोजी, आईच्या घरासमोर बोर्सेल्लिनो आणि त्यांचे पाच अंगरक्षक मारले गेले. त्यांत एमान्युएला लोई ही २४ वर्षांची तरुणीही होती.

आता छायाचित्राकडे वळू. त्याच वर्षी २७ मार्च रोजी पालेर्मोतील एका सभेत तोनी जेंतीले या तरुण छायाचित्रकाराने या दोघा मित्रांचे एक चित्र टिपले होते. व्यासपीठावर शेजारी बसलेले दोघे एकमेकांकडे झुकून काही कुजबुजतात आणि हसतात, एवढेच त्यात आहे. हातात तलवार नाही, अंगावर झगा नाही, मागे न्यायदेवता नाही. दोघे गेल्यानंतर हे चित्र इटलीभर पसरले. शाळांच्या भिंतींवर, मोर्चांच्या फलकांवर, न्यायालयांच्या दारांत ते लागले. पालेर्मोच्या बायकांनी आपल्या सज्जांतून पांढऱ्या चादरी लोंबत सोडल्या, त्यांवर निषेधाचे शब्द लिहिले, आणि ज्या शहरात ‘मला काही दिसले नाही’ हेच शहाणपण होते तेथे घराघराने आपले मत बाहेर टांगले. विमानतळाला दोघांची नावे दिली गेली. दरवर्षी २३ मे रोजी त्यांच्या छायाचित्रांची प्रदर्शने भरतात आणि शाळकरी मुले ती पाहायला येतात. गंमत अशी, की २०१९ साली रोमच्या न्यायालयाने या चित्राबद्दल निकाल देताना ते कलाकृती नसून साधे छायाचित्र आहे असे म्हटले. आमच्या मते नकळत त्या न्यायालयाने चित्राचा गौरवच केला. त्याचे बळ त्याच्या साधेपणात आहे.

याच शहरात लेतित्सिया बात्ताल्या ही छायाचित्रकार स्त्रीही होऊन गेली (१९३५–२०२२). एका दैनिकासाठी ती रोज खुनांच्या जागी धावत असे. रस्त्यावर पडलेली प्रेते, आक्रोश करणाऱ्या आया, बेड्या घातलेले सरदार हे सारे तिने कृष्णधवल चित्रांत टिपले. १९७९ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्याने ही चित्रे कोर्लेओने गावच्या चौकात मांडली. कोर्लेओने म्हणजे माफियाच्या सर्वांत क्रूर गटाचे गाव. लोक आले, पाहिले, आणि बरेचसे भीतीने निघून गेले. प्रदर्शन म्हणजे पांढऱ्या भिंती, मंद दिवे आणि उद्घाटनाची फीत, एवढीच आमची कल्पना असते. पण ज्या गोष्टीबद्दल गाव बोलत नाही ती गावच्या चौकात उभी करणे हेही प्रदर्शनच होय, हे या बाईने दाखवले.

सिसिलीची ही कथा आमच्या बिदर-कलबुर्गीच्या माळरानाला परकी वाटू नये. संघटित गुन्हेगारीविरुद्ध कायद्याने आखलेली एक मोठी मोहीम याच मुलखाच्या वाटांवरही लढली गेली. हैदराबादहून हुमनाबाद, नळदुर्ग, सोलापूर करीत पुण्याकडे जाणारा रस्ता आज ट्रकांनी गजबजलेला असतो. दोनशे वर्षांपूर्वी त्यावरून व्यापाऱ्यांचे तांडे, तुळजापूर-पंढरपूर-गाणगापूरचे यात्रेकरू, बंदेनवाजांच्या उरुसाला निघालेले भाविक आणि रजेवर घरी जाणारे शिपाई जात. त्यांच्यात मिसळून, गोड बोलून, चार मुक्काम सोबत करून, रुमालाने गळा आवळणाऱ्या ठगांच्या टोळ्याही याच वाटांवर होत्या. दक्षिणेत त्यांना ‘फांसीगार’ म्हणत.

फिलिप मेडोज टेलर हा तरुण १८२४ साली पंधरा वर्षांचा असताना मुंबईला उतरला आणि निजामाच्या नोकरीत शिरला. निजामाच्या राज्याच्या पश्चिम भागात पोलीस कामावर असताना वाटसरूंची प्रेते सापडू लागली, तेव्हा त्यामागे एखादी संघटना असावी असा संशय त्यास आला. पण तपास पुरा होण्याआधीच त्याला पलटणीत परत बोलावले गेले. ठगांचा बीमोड केल्याचे श्रेय पुढे विल्यम स्लीमन याच्या नावावर जमा झाले, आणि टेलरच्या मनात ती खंत अखेरपर्यंत राहिली. ठगांच्या जबान्या ऐकून त्याने १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. सुरपूरच्या संस्थानाचा कारभार त्याने पाहिला, नळदुर्ग जिल्ह्यातही अधिकार गाजवला. तुळजापूर-नळदुर्गच्या परिसरावर त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, ती १८६३ ची.

स्लीमनची युक्ती कोणती होती? पकडलेल्या ठगाला माफीचा साक्षीदार करायचे, त्याच्याकडून साथीदारांची नावे, वंशावळी आणि खुनांच्या जागा काढून घ्यायच्या, प्रेते उकरून त्या जबानीचा पडताळा घ्यायचा, आणि मग पुढचा ठग पकडायचा. १८३० च्या अखेरीस हाती लागलेला फिरंगिया हा त्याचा सर्वांत मोठा साक्षीदार. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमाने तर असे ठरवले, की अमुक खून केल्याचे सिद्ध झाले नाही तरी ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाल्यास जन्मठेप. आणि तो कायदा होण्यापूर्वी टोळीत होता की नंतर, कंपनीच्या मुलखात होता की बाहेर, हे पाहण्याचे कारण नाही. निजामाचा मुलूखही या शब्दांनी कवेत आला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. फाल्कोने यांचा बुशेत्ता आणि स्लीमनचा फिरंगिया हे एकाच वाटेचे दोन प्रवासी आहेत. माफियाचा सभासद असणे हाच गुन्हा ठरवणारा इटलीचा कायदा सप्टेंबर १९८२ मधला. महाराष्ट्राचा मोक्का १९९९ चा, कर्नाटकाने त्याच धर्तीवर केलेला कोका २००० चा. भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून संघटित गुन्हेगारी हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि दंडसंहितेत १८६० पासून बसलेला ‘ठग’ हा शब्द त्याच दिवशी गुन्ह्यांच्या यादीतून गेला. एकाच्या गुन्ह्याहून टोळीचा गुन्हा वेगळा असतो, आणि टोळी फोडायची तर आतला माणूस बोलता करावा लागतो, हे सूत्र या सर्वांत समान आहे.

तर मग स्लीमन आणि टेलर यांच्या तसबिरी आम्ही त्या रिकाम्या चौकटीत लावाव्यात काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण या लेखाचा गाभा आहे. ठगांवरील मोहिमेत पकडणारा, जबानी घेणारा आणि न्याय करणारा हे बहुधा एकाच खात्याचे लोक होते. आरोपीला वकील नव्हता. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला आव्हान देणारा कोणी नव्हता. वाटांवर खून होत होते यात शंका नाही. परंतु त्या धडाक्यात किती निरपराध भटके, किती बेकार शिपाई आणि किती बंजारे ‘ठग’ ठरले असतील, हा प्रश्न पुढच्या इतिहासकारांनी वारंवार विचारला आहे. आणि मोहिमेचा विचार तेथेच थांबला नाही. गुन्हा वंशात असतो, ही समजूत ठगांच्या वंशावळी लिहिता लिहिता पक्की झाली, आणि १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदवल्या गेल्या. फासेपारध्याचा फास हरणा-तितरांसाठी असतो हे खेड्यातल्या पोरासही कळते. पण कायद्याला तेवढा फरक करण्याची सवड नव्हती. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड या लोकांची वसाहत होती. त्या भागाला ‘सेटलमेंट’ हे नाव अजून चिकटलेले आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कलंक कायद्यातून गेला. मनांतून तो किती गेला हे ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ वाचणाऱ्या मराठी वाचकास वेगळे सांगायला नको.

आणि या साऱ्यात छायाचित्राचा भाग कोणता? तो जाणून आम्ही चरकलो. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड सरकारच्या आश्रयाने निघाले. हिंदुस्थानातील जातीजमातींची शेकडो छायाचित्रे त्यांत आहेत, आणि प्रत्येकाखाली त्या जमातीचा स्वभाव चार ओळींत सांगितला आहे. अमुक जात विश्वासू, तमुक जात चोर! यातला बराच मजकूर आमच्या परिचयाच्या मेडोज टेलरनेच लिहिला. म्हणजे ज्या काळात आमच्या मुलखात कॅमेरा आला, त्या काळात तो दोन प्रकारच्या माणसांकडे वळला. लाला दीनदयाळांसारख्या निष्णात छायाचित्रकाराच्या हाती तो निजामाच्या महालांकडे, शिकारीच्या तळांकडे आणि पाहुण्यांच्या मेजवान्यांकडे वळला, तर सरकारच्या हाती तो संशयितांच्या चेहऱ्यांकडे. न्यायाधीश मात्र त्यात कोठेच आला नाही.

याचे एक ऐतिहासिक कारणही आहे. आमच्या या पायगा-जहागिरींच्या पट्ट्यात फार काळ न्याय हा कारभाराचाच एक हात होता. महसूल गोळा करणारा आणि शिक्षा देणारा एकाच मालकाचे मीठ खात असे. हैदराबाद संस्थानाने १९२१ च्या सुमारास न्यायखाते अंमलदारीपासून वेगळे केले, आणि ही गोष्ट ब्रिटिश हिंदुस्थानाच्याही आधीची म्हणून संस्थानी लोक अभिमानाने सांगत. परंतु मोठ्या जहागिरदारांची स्वतःची न्यायालये आणि पोलीस १९४९ साली जहागिरी खालसा होईपर्यंत चालूच होते. आमच्या आजोबांच्या पिढीला न्यायाधीश म्हणजे मालकाचा माणूस वाटे. त्याची तसबीर कोणी कशाला लावील? १९५६ च्या १ नोव्हेंबरला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. अपिलाची वाट बंगळूरपर्यंत लांबली. कलबुर्गीला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ २००८ मध्ये आले आणि ३१ ऑगस्ट २०१३ रोजी ते कायम झाले. न्यायाधीश आम्हाला भेटण्याजोग्या अंतरावर आला तो असा, अगदी अलीकडे.

मग चौकटीत कोण? आमच्या भाषेच्या मुलखातील एक उदाहरण आम्ही पुढे ठेवतो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत काही तासांत एकामागून एक स्फोट झाले. २५७ माणसे गेली, ७१३ जखमी झाली. गुन्हेगारी टोळी, तस्करीचे मार्ग आणि सूडाचे राजकारण यांची ती हातमिळवणी होती. खटल्यासाठी आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभे राहिले. पालेर्मोच्या काँक्रीटच्या न्यायालयाची येथे आठवण व्हावी. आरंभी न्या. जे. एन. पटेल आणि १९९६ पासून न्या. पी. डी. कोदे यांनी तो चालवला. निकालाचे वाचन १२ सप्टेंबर २००६ ला सुरू झाले आणि शेवटची शिक्षा ३१ जुलै २००७ रोजी सुनावली गेली. शेवटपर्यंत राहिलेल्या १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले. वृत्तपत्रांनी या शंभरांची नावे छापली, नामवंत आरोपीची छायाचित्रे रोज पहिल्या पानावर आली. परंतु २३ जण निर्दोष सुटले, हा आकडा आमच्या मते तितकाच महत्त्वाचा आहे. २५७ प्रेतांचा आक्रोश कानांवर असताना, सारे शहर शिक्षेची वाट पाहत असताना, ‘या तेवीस जणांविरुद्ध पुरावा नाही’ असे म्हणण्यास जे धैर्य लागते ते स्फोटकांपुढे उभे राहण्याच्या धैर्याहून कमी नव्हे. पुढे २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षांपैकी एकच कायम ठेवली आणि दहा जणांच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. तीही न्यायाचीच पुढची पायरी होती. या खटल्यालाही आम्ही निर्दोष म्हणणार नाही. ज्या टाडा कायद्याखाली तो चालला त्याचा देशभर दुरुपयोग झाला, आणि १९९५ साली तो कायदा मुदत संपून गेला. बारा-चौदा वर्षे निकालाची वाट पाहणे ही मृतांच्या कुटुंबांस आणि निर्दोष सुटणाऱ्यांस सारखीच शिक्षा होती. तरीही स्लीमनच्या जबानीवह्या आणि आर्थर रोडचे न्यायालय यांत जो फरक आहे तोच आम्हास मोलाचा वाटतो. येथे आरोपीला वकील होता, साक्षीदाराची उलटतपासणी होती, आणि वर अपील होते.

पालेर्मोच्या महाखटल्यातील ११४ निर्दोषांकडेही आम्ही याच दृष्टीने पाहतो. फाल्कोने-बोर्सेल्लिनो यांचे हसरे छायाचित्र आम्ही लावू. पण त्यांच्याजवळ त्या ११४ जणांचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहू. ज्या न्यायालयाला सोडणे ठाऊक आहे त्याच्याच शिक्षेला अर्थ असतो.

आणखी एक चौकट आम्हास रिकामी ठेवता येणार नाही. २८ जुलै २०२१ च्या पहाटे झारखंडातील धनबाद येथे जिल्हा व अतिरिक्त सत्र न्यायाधीश उत्तम आनंद फिरावयास निघाले होते. मोकळ्या रस्त्यावर एक रिक्षा वळून आली, त्यांस धडक देऊन निघून गेली. तो अपघात म्हणून नोंदला गेला असता. परंतु रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने ते दृश्य टिपले होते आणि ते देशभर पाहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, आणि २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोघे जण खुनाबद्दल दोषी ठरून जन्मठेपेस गेले. पालेर्मोच्या न्यायाधीशांचे जगाला परिचित चित्र मित्राशी हसतानाचे आहे. आमच्या या न्यायाधीशाचे देशाला परिचित चित्र पाठमोऱ्या एका माणसाचे, यंत्राने टिपलेले. एवढ्यावरून दोन समाजांनी आपल्या न्यायाधीशांकडे केव्हा पाहिले हे कळते. आम्ही ते मेल्यावर पाहिले, असे म्हणून इटलीलाही सुटता येणार नाही. रोझारिओ लिव्हातिनो हे सिसिलीतील तरुण न्यायाधीश २१ सप्टेंबर १९९० रोजी वयाच्या अडतिसाव्या वर्षात एकट्याने मोटार चालवत कामावर जाताना मारले गेले, तेव्हा त्यांचे नाव त्यांच्या जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते.

काही सभासदांनी आक्षेप घेतला, की न्यायाधीशाने लोकप्रियतेपासून दूर राहावे. त्याची तसबीर लावणे म्हणजे त्यास नेता करणे होय. हा आक्षेप आम्हास पूर्णपणे डावलता येत नाही. आसनावर बसलेल्या न्यायाधीशाचा सत्कार करणाऱ्यांत उद्याचा पक्षकारही असू शकतो, आणि हारांचे ओझे तराजूच्या काट्यावर येते. म्हणून आमची सूचना अशी, की पदावर असलेल्या कोणाचेही चित्र नसावे. दुसरे असे, की चेहऱ्यांइतकीच कामाची चित्रे असावीत: आठ हजार पानांचे गठ्ठे, तुरुंगाच्या भिंतीआडची न्यायालये, कारकुनांची दप्तरे. तिसरे, ज्यांची नावे सहसा राहून जातात त्या अंगरक्षकांना, साक्षीदारांना आणि न्यायाधीशांच्या घरच्यांना जागा असावी. फ्रांचेस्का मोर्व्हिल्लो स्वतः न्यायाधीश होत्या हे कितीजण सांगतात? चौथे, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, की एका भिंतीवर ‘द पीपल ऑफ इंडिया’ मधील चित्रे आणि सोलापूरच्या सेटलमेंटची कथा असावी. न्याय कशाला म्हणावे हे ज्यास मुलांना शिकवायचे आहे, त्याने न्यायाच्या नावाखाली काय घडले तेही दाखवले पाहिजे. आमच्याच पूर्वजांनी पाटील-कुलकर्णी या नात्याने गावात आलेल्या पारध्यांची, कैकाड्यांची हजेरी घेतली असेल. सोप्यावरच्या त्या तसबिरींना हा प्रश्न विचारण्याचे धाडस आपण करू शकलो, तरच पालेर्मोच्या चादरींशी आपले काही नाते आहे असे म्हणता येईल.

सिसिलीच्या बायकांनी टांगलेल्या चादरी त्यांच्या घरच्याच होत्या. त्या कोणी सरकारने वाटल्या नव्हत्या. आमच्याही घरांत पेट्या आहेत. त्यांत मोडी-उर्दूतले निवाडे आहेत, जुन्या वकिलांची टाचणे आहेत, दिवाणी-फौजदारीच्या नकला आहेत, एखाद्या मुन्सफाचे पिवळे पडलेले चित्रही असेल. चिटगुप्पा, हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण येथील मराठी घरांनी हे कागद वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. भिंतीवरच्या रिकाम्या चौकटीत लावण्याजोगा माणूस कदाचित आपल्याच पेटीत, एखाद्या निवाड्याच्या तळाशी सही करून बसलेला असेल. आणि त्या निवाड्यात त्याने कोणाला शिक्षा दिली हे वाचून झाल्यावर, कोणाला सोडले आणि का, हेही अवश्य पाहावे.